'वे डाउन ईस्ट': बोलक्या नाटकाचा मूकपट

अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा 'वे डाउन ईस्ट' हा मूकपट ३ सप्टेंबर १९२० रोजी न्यूयॉर्कच्या फॉर्टी-फोर्थ स्ट्रीट थिएटरमध्ये प्रथम दाखवण्यात आला. लॉटी ब्लेअर पार्कर यांच्या त्याच नावाच्या, १८९८ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या नाटकावर तो आधारलेला आहे. खोट्या लग्नाच्या फसवणुकीला बळी पडलेली, पोटचे मूल गमावलेली आणि पुढे 'कलंकित' ठरवून ऐन हिमवादळात घराबाहेर काढली गेलेली अ‍ॅना मूर ही त्याची नायिका. लिलियन गिश यांनी साकारलेली ही भूमिका आणि फुटत्या बर्फाच्या नदीवर घडणारा सुटकेचा प्रसंग यांमुळे चित्रपटाच्या इतिहासावरील जवळजवळ प्रत्येक ग्रंथात 'वे डाउन ईस्ट'चा उल्लेख येतो.

त्याचे महत्त्व मात्र एका थरारक प्रसंगापुरते नाही. या कथेत अ‍ॅनावर जो अन्याय होतो, तो मुख्यतः शब्दांनी होतो. आधी एक खोटी शपथ, मग गावातील कुजबुज आणि अखेरीस घरधन्याने सुनावलेला निकाल. या सर्वांना ती देते ते उत्तरही शब्दांचेच असते. नाटकाला हे सोयीचे होते, कारण नाटक संवादांवरच उभे राहते. ज्या माध्यमाला आवाजच नाही, त्याने ही कथा कशी सांगावी? गप्प बसवल्या गेलेल्या स्त्रीची बाजू मूकपटाने कशी मांडावी? या प्रश्नाला ग्रिफिथ आणि गिश यांनी दिलेले उत्तर हे या चित्रपटाचे खरे मोल आहे.

नावाचा अर्थ

'डाउन ईस्ट' हा शब्दप्रयोग न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा, विशेषतः मेन राज्याशी जोडलेला. शिडाच्या जहाजांच्या काळात बॉस्टनहून मेनकडे निघालेल्या जहाजांना पाठीमागून वारा मिळे. वाऱ्याच्या दिशेने 'खाली' आणि पूर्वेकडे, असा तो प्रवास. त्यावरून मेनचा किनारा 'डाउन ईस्ट' म्हणून ओळखला जाऊ लागला. 'वे डाउन ईस्ट' म्हणजे त्याही पलीकडचा, शहरी वाऱ्यापासून दूर राहिलेला मुलूख. नाटक आले तोपर्यंत अमेरिका झपाट्याने शहरांकडे सरकत होती. शेतघर, विहीर, धान्याचे कोठार आणि बायबलवर श्रद्धा ठेवणारे कर्मठ कुटुंब हे चित्र शहरातील प्रेक्षकाला मागे सोडून आलेल्या घराची आठवण करून देणारे होते. नाटकाच्या लोकप्रियतेत या हळव्या ओढीचा वाटा मोठा होता.

मूळ नाटक

पार्कर या स्वतः अभिनेत्री होत्या आणि नंतर नाट्यलेखनाकडे वळल्या. त्यांच्या संहितेवर जोसेफ ग्रिस्मर यांनी संस्कार केले, गावातील विनोदी पात्रांचा आणि ग्रामीण रंगाचा भाग वाढवला आणि विल्यम ब्रेडी यांनी नाटकाची निर्मिती केली. फेब्रुवारी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन थिएटरमध्ये त्याचा प्रयोग झाला. पुढे सुमारे दोन दशके हे नाटक अमेरिकेच्या गावोगावी फिरत राहिले. ग्रिस्मर यांच्या पत्नी फीबी डेव्हिस यांनी अ‍ॅनाची भूमिका अनेक वर्षे केली. रंगमंचावर उभे केले जाणारे हिमवादळ हे प्रयोगाचे मोठे आकर्षण होते.

नाट्यप्रकार म्हणून हा शुद्ध मेलोड्रामा. सज्जन आणि दुर्जन यांच्यात स्पष्ट रेषा, निष्पाप नायिका, शहरी खलनायक, कठोर पण मनाने वाईट नसलेला बाप, मधूनमधून विनोद आणि शेवटी सत्याचा विजय, असा त्याचा साचा होता. घराच्या दारातून बर्फात हाकलली जाणारी मुलगी हे दृश्य त्या काळच्या रंगभूमीवर इतके रुळलेले होते की त्याची टिंगलही होऊ लागली होती. नाटकाची बहुतेक हकीकत बार्टलेट कुटुंबाच्या शेतघरापाशी घडते. अ‍ॅनाचा भूतकाळ प्रेक्षकाला प्रत्यक्ष दिसत नाही. तो पात्रांच्या बोलण्यातून कळतो.

कथानक

चित्रपटाची कथा मात्र त्या भूतकाळापासूनच सुरू होते. अ‍ॅना आणि तिची आई गावात हलाखीत दिवस काढत आहेत. श्रीमंत नातलगांकडून काही मदत मिळेल या आशेने आई तिला बॉस्टनला पाठवते. तेथील झगमगाटात संकोचून गेलेल्या या मुलीवर लेनॉक्स सँडरसन या धनाढ्य, रंगेल माणसाची नजर पडते. ती सहजी वश होणार नाही हे ओळखून तो गुप्त विवाहाचे नाटक रचतो. पुरोहित खोटा, साक्षीदार खोटा आणि लग्नही खोटे. अ‍ॅना गरोदर असल्याचे सांगते तेव्हा तो सत्य उघड करतो आणि तिला सोडून देतो.

आईचा मृत्यू होतो. कोणी ओळखणार नाही अशा गावी, एका खाणावळवजा घरातील खोलीत अ‍ॅना बाळाला जन्म देते. बाळ जगत नाही. लग्नाचा पुरावा नाही म्हणून घरमालकीण तिला जागा सोडायला लावते. कामाच्या शोधात पायी निघालेली अ‍ॅना स्क्वायर बार्टलेट यांच्या शेतावर पोहोचते आणि तेथे कामाला राहते. बार्टलेट यांचा मुलगा डेव्हिड तिच्यावर मनापासून प्रेम करू लागतो. सँडरसनची मालमत्ता मात्र याच परिसरात आहे आणि या घरात त्याची ऊठबस आहे. अ‍ॅनाला तेथे पाहताच तो तिला निघून जाण्यास सांगतो. स्वतः निघून जावे, असे त्याच्या मनातही येत नाही.

पुढे जुन्या घरमालकिणीमार्फत अ‍ॅनाची हकीकत गावातील चहाडखोर मार्था पर्किन्सच्या कानी पडते आणि तिच्याकडून स्क्वायरपर्यंत पोहोचते. तो स्वतः जाऊन खातरजमा करून येतो आणि जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमक्ष, अ‍ॅनाला दार दाखवतो. त्या पाहुण्यांत सँडरसनही बसलेला असतो. अ‍ॅना सर्वांदेखत त्याच्याकडे बोट दाखवते आणि वादळात बाहेर पडते. डेव्हिड तिच्या शोधात निघतो. भान हरपलेली अ‍ॅना नदीच्या बर्फावर कोसळते, बर्फ फुटतो आणि तिच्यासह तो तुकडा धबधब्याकडे वाहू लागतो. अगदी कड्याजवळ डेव्हिड तिला गाठतो. स्क्वायर क्षमा मागतो आणि शेवटी एक सोडून तीन जोडप्यांची लग्ने लागतात.

ग्रिफिथ यांचा 'वेडेपणा'

१९२० साली ग्रिफिथ अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध दिग्दर्शक होते. १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'ने त्यांना कीर्ती मिळवून दिली होती. कृष्णवर्णीयांचे विद्वेषी चित्रण आणि कू क्लक्स क्लॅनचा गौरव यांमुळे त्या चित्रपटाचा डाग त्यांच्या नावावर कायमचा राहिला, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९१९ मध्ये चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्यासह त्यांनी 'युनायटेड आर्टिस्ट्स'ची स्थापना केली. त्याच सुमारास हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कजवळ, लाँग आयलंड साउंडच्या काठी मॅमरोनेक येथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला.

या नव्या स्टुडिओसाठी त्यांनी 'वे डाउन ईस्ट'चे हक्क १,७५,००० डॉलरना विकत घेतले. संपूर्ण 'बर्थ ऑफ अ नेशन'चा निर्मितिखर्चही याहून कमी होता. नाटक जुने झाले होते आणि त्याचे संकेत विटले होते. पहिले महायुद्ध संपलेले, शहरात जॅझचे सूर घुमू लागलेले, स्त्रियांची वेशभूषा आणि वागणूक बदललेली. अशा वेळी फसवलेल्या खेडवळ मुलीची गोष्ट कोण पाहणार? ग्रिफिथ यांचे डोके ठिकाणावर नाही, असे आम्हा सर्वांनाच खासगीत वाटले होते, अशी कबुली गिश यांनी पुढे आपल्या आठवणींत दिली आहे.

ग्रिफिथ यांनी अँथनी पॉल केली यांच्याकडून पटकथा करून घेतली आणि छायाचित्रणाची धुरा बिली बिट्झर आणि हेन्ड्रिक सार्टोव्ह यांच्याकडे सोपवली. डेव्हिडसाठी रिचर्ड बार्थेलमेस, सँडरसनसाठी लोवेल शर्मन आणि स्क्वायरसाठी बर्र मॅकिन्टॉश यांची निवड झाली. स्क्वायरची भाची केट हिच्या भूमिकेतील क्लॅरिन सिमूर या तरुण अभिनेत्रीचे चित्रीकरणाच्या काळातच, एप्रिल १९२० मध्ये निधन झाले. ती भूमिका पुढे मेरी हे यांनी केली.

रंगमंचावरून पडद्यावर

पहिला मोठा बदल कथेच्या रचनेत झाला. नाटकात अ‍ॅना शेतघरात येते तेव्हा तिचे गुपित प्रेक्षकापासून काहीसे झाकलेले असते. चित्रपटात आपण खोटे लग्न, त्यागलेली स्त्री, बाळंतपण आणि बाळाचा मृत्यू हे सारे आधीच पाहिलेले असते. याचा परिणाम दूरगामी आहे. नाटकाच्या प्रेक्षकाला अ‍ॅनाचे निर्दोषत्व तिच्या शब्दावरून मान्य करावे लागे. चित्रपटाच्या प्रेक्षकाला ते प्रत्यक्ष ठाऊक असते. स्क्वायर निकाल सुनावतो तेव्हा प्रेक्षागृहातील प्रत्येक माणूस तिचा साक्षीदार झालेला असतो. ज्या स्त्रीकडे एकही पुरावा नाही, तिच्यासाठी चित्रपट स्वतःच पुरावा बनतो.

दुसरा बदल समांतर संकलनाचा. दोन वेगळ्या ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवण्याचे हे तंत्र ग्रिफिथ यांनी आधीच्या शेकडो लघुपटांतून घडवले होते. येथे ते पाठलागापुरते न वापरता त्यांनी भावनेसाठी वापरले. खोटे लग्न लागत असताना चित्रपट मध्येच दूरच्या शेतघराकडे वळतो; तेथे अ‍ॅनाला अजून ओळखतही नसलेला डेव्हिड झोपेतून दचकून उठतो. रंगमंचावर अशी दोन माणसे एकाच क्षणात आणणे कठीण. पडद्यावर ते एका छेदाने साधते. पुढे एकमेकांचे होणार असलेल्या दोन जिवांचे नाते, ती भेटण्यापूर्वीच प्रेक्षकाच्या मनात जोडले जाते.

तिसरा बदल चेहऱ्याचा. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी नटाला हावभाव मोठे करावे लागत. कॅमेरा जवळ गेल्यावर त्याची गरज उरली नाही. सार्टोव्ह यांनी मऊ, किंचित धूसर प्रकाशात टिपलेले गिश यांचे समीपदृश्य ही या चित्रपटाची एक ओळख आहे. सँडरसन सत्य सांगतो त्या प्रसंगी अ‍ॅनाच्या चेहऱ्यावर प्रथम हसू येते, कारण तो थट्टा करतो आहे असे तिला वाटते. मग शंका, मग भीती, पुन्हा एकवार केविलवाणे हसू आणि शेवटी सारे विरून जाणे. एखाद्या स्वगताला लागला असता तेवढा वेळ हा चेहरा घेतो. मधल्या मजकुराच्या पाट्या वगळल्या तरी अर्थ निसटत नाही.

बाप्तिस्मा आणि बोट

शब्दांविना बोलण्याची या चित्रपटाची ताकद दोन प्रसंगांत विशेष जाणवते. पहिला बाळाच्या बाप्तिस्म्याचा. बाप्तिस्मा न झालेले मूल देवाच्या दारी जाणार नाही, या श्रद्धेने ती माउली हादरते. पुरोहित बोलावणे शक्य नाही, कारण तिचे लग्नच जगाला मान्य नाही. मग त्या खोलीत, एकटीच, ती स्वतः बाळाच्या कपाळी पाणी लावून त्याचे नाव ठेवते: ट्रस्ट लेनॉक्स. 'ट्रस्ट' म्हणजे विश्वास आणि 'लेनॉक्स' हे विश्वासघात करणाऱ्याचे नाव. एका खोट्या पुरोहिताने तिचा संसार उद्ध्वस्त केला. येथे कोणताही अधिकार नसलेली आई खरा धर्मविधी पार पाडते. चित्रपट हा विरोध कोठेही बोलून दाखवत नाही. थंड पडत चाललेल्या बाळाचे हात आपल्या श्वासाने उबदार ठेवू पाहणारी गिश यांची अ‍ॅना पाहताना, अतिनाट्य म्हणून हसण्याची तयारी करून आलेला आजचा प्रेक्षकही गप्प होतो.

दुसरा प्रसंग जेवणाच्या टेबलावरचा. स्क्वायरचा हात दाराकडे रोखलेला आहे. नाटकांतून हजारदा पाहिलेली ही मुद्रा. तोवर मान खाली घालून वावरलेली अ‍ॅना या वेळी रडत निघून जात नाही. ती वळते, ताठ उभी राहते आणि तिचे बोट सँडरसनवर रोखले जाते. माझा भूतकाळ शोधून काढलात, मग मानाने टेबलाशी बसवलेल्या या पाहुण्याचा का नाही शोधला, असा तिचा सवाल आहे. त्याचा मजकूर पाटीवर येतो. पण प्रसंग पेलतो तो त्या दोन हातांनी. एक हात स्त्रीला बाहेरचा रस्ता दाखवतो आणि दुसरा हात घरात बसलेल्या गुन्हेगाराला. त्याच गुन्ह्यासाठी एकाला पानावर जागा आणि दुसरीला हिमवादळ, हा समाजाचा दुटप्पी न्याय एवढ्या नेमकेपणाने क्वचितच मांडला गेला असेल.

या प्रसंगाला काळाचाही एक संदर्भ आहे. स्त्रियांच्या मताधिकाराचे संरक्षण करणाऱ्या अमेरिकन राज्यघटनेच्या १९ व्या दुरुस्तीला टेनेसी राज्याने १८ ऑगस्ट १९२० रोजी संमती दिली आणि २६ ऑगस्टला ती अधिकृतपणे लागू झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी अ‍ॅनाचे ते रोखलेले बोट पाहिले. नाटक १८९८ चे होते. पण प्रेक्षक १९२० चा होता.

वादळ, नदी आणि गोठलेला हात

नाटकाच्या संहितेत वाहत्या बर्फाचा प्रसंग नाही. रंगमंचावर तो शक्यही नव्हता. अमेरिकन रंगभूमीच्या प्रेक्षकाला मात्र बर्फाच्या तुकड्यांवरून पळणारी स्त्री अनोळखी नव्हती. 'अंकल टॉम्स केबिन'च्या नाट्यरूपांत गुलामगिरीतून निसटणारी एलायझा मुलाला घेऊन ओहायो नदी अशीच ओलांडते. ग्रिफिथ यांनी ती स्मृती खऱ्या नदीवर नेली.

हिमवादळाची दृश्ये मार्च १९२० मध्ये मॅमरोनेक येथे खऱ्याखुऱ्या वादळात टिपली गेली. गिश यांच्या पापण्यांवर बर्फाचे कण गोठले आणि ग्रिफिथ यांनी बिट्झर यांना तो चेहरा लगेच टिपण्यास सांगितले. त्यानंतर मंडळी व्हरमाँट राज्यातील व्हाइट रिव्हर जंक्शनला गेली. व्हाइट नदी येथे कनेक्टिकट नदीला मिळते. गोठलेल्या पात्रातील बर्फ करवतीने कापून आणि सुरुंगाने फोडून मोकळा करावा लागे. कॅमेऱ्यातील तेल गोठू नये म्हणून त्याच्याजवळ शेकोटी पेटवून ठेवत.

बेशुद्ध अ‍ॅनाचा हात आणि केस पाण्यात लोंबत राहावेत, ही कल्पना गिश यांचीच. दिवसातून अनेकदा, सुमारे तीन आठवडे आपण त्या बर्फाच्या तुकड्यावर पडून होतो आणि त्या हाताचे दुखणे आयुष्यभर राहिले, असे त्यांनी पुढे लिहिले. चित्रीकरणाच्या ठिकाणी धबधबा नव्हता; नायगाराची काही दृश्ये संकलनात जोडून तो निर्माण केला गेला. म्हणजे धोका खरा, थंडी खरी आणि कडा मात्र कात्रीने घडवलेला. बार्थेलमेस जड कोट घालून एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतात त्या वेळी प्रेक्षकाला हा भेद जाणवत नाही.

येथेही अ‍ॅनाचा हातच बोलतो. मघाशी रोखलेले बोट आता पाण्यात निर्जीव लोंबते आहे. सत्य बोलण्याची किंमत काय असते, हे सांगायला आणखी पाटीची गरज राहत नाही.

यश आणि कात्री

ग्रिफिथ यांना वेड्यात काढणारे चुकले. मोठ्या शहरांत हा चित्रपट नाटकाप्रमाणे राखीव आसनांच्या थिएटरांत, वाद्यवृंदाच्या साथीने दाखवला गेला. लुई सिल्व्हर्स आणि विल्यम एफ. पीटर्स यांनी त्याची संगीतयोजना केली होती. 'बर्थ ऑफ अ नेशन'नंतरचे ग्रिफिथ यांचे हे सर्वांत मोठे व्यावसायिक यश ठरले आणि मॅमरोनेकचा स्टुडिओ काही काळ तरी सावरला.

सेन्सॉरने मात्र त्याला सोडले नाही. १९१५ च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ व्यवसाय असून त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे ठरवले होते. ही भूमिका १९५२ पर्यंत कायम राहिली. त्यामुळे राज्याराज्यांची मंडळे चित्रपटांवर हवी तशी कात्री चालवीत. पेनसिल्व्हेनियाच्या मंडळाने 'वे डाउन ईस्ट'मधील खोटे लग्न आणि बाळंतपण यांच्याशी संबंधित भागाची मोठी काटछाट केली. ज्या नाटकाने हीच कथा वीस वर्षे गावोगावी सांगितली, त्याला असे मंडळ आडवे आले नव्हते. रंगमंचावर ती गोष्ट ऐकू येत होती. पडद्यावर ती दिसू लागली, हाच तिचा अपराध. अ‍ॅनाची वेदना कापली की तिच्या निर्दोषत्वाचा पुरावाही कापला जातो, ही विसंगती कात्री चालवणाऱ्यांच्या ध्यानी आलेली दिसत नाही.

मर्यादा

या चित्रपटाचे मोठेपण मान्य करताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. नाटकातून आलेली विनोदी पात्रे, म्हणजे चहाडखोर मार्था, कॉन्स्टेबल आणि विसरभोळा प्रोफेसर, यांचा भाग लांबतो आणि ऐन गंभीर प्रसंगाची लय मोडतो. शहर म्हणजे पाप आणि खेडे म्हणजे पुण्य ही विभागणी भाबडी आहे. अ‍ॅनाला सर्वाधिक छळते ते खेड्यातील घरच, हे स्वतःची कथा सांगताना चित्रपट विसरतो.

त्याहून गंभीर आक्षेप न्यायाविषयी आहे. आरंभीच्या पाट्यांतून ग्रिफिथ पुरुषांच्या स्वार्थावर आणि स्त्रियांच्या सोसण्यावर उपदेश करतात. परंतु सँडरसनला म्हणावी तशी शिक्षा होत नाही. डेव्हिडच्या हातचा मार खाऊन आणि उशिरा देऊ केलेले लग्न नाकारले गेल्याची मानहानी सोसून तो सुटतो. अ‍ॅनाला मात्र मृत्यूच्या कड्यापर्यंत जाऊन यावे लागते, तेव्हा कुठे तिला क्षमा मिळते. वास्तविक क्षमा मागायची होती ती इतरांनी. तिने फसवणूक झाल्याचे सिद्ध केले म्हणून ती स्वीकारली जाते. फसवणूक झाली नसती तर तिला जागा मिळाली असती का, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. ती मर्यादा त्या नाटकाची आहे, त्या काळाची आहे आणि ग्रिफिथ यांचीही आहे.

वारसा

व्सेव्होलोद पुदोव्हकिन यांच्या 'मदर' (१९२६) या सोव्हिएत मूकपटात बर्फ फुटणारी नदी क्रांतीचे प्रतीक बनून येते. त्या प्रसंगाचे नाते अभ्यासक 'वे डाउन ईस्ट'शी जोडतात. १९३५ मध्ये हेन्री किंग यांनी याच कथेवर बोलपट काढला. रोशेल हडसन आणि हेन्री फोंडा त्यात होते. आता पात्रे बोलत होती, तरीही लोकांच्या स्मरणात राहिला तो मूकपटच. ही एक गोष्टच या लेखाचा मुद्दा पुरेसा स्पष्ट करते.

लिलियन गिश यांनी त्याच १९२० साली 'रिमॉडेलिंग हर हजबंड' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. तो आज उपलब्ध नाही. अभिनय मात्र त्यांनी १९८७ च्या 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट'पर्यंत केला. १९९३ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ग्रिफिथ यांना बोलपटांचे युग मानवले नाही. १९३१ नंतर त्यांना एकही चित्रपट पूर्णपणे दिग्दर्शित करता आला नाही आणि १९४८ मध्ये ते गेले.

आज पाहताना

चित्रपट अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा झाला असल्याने त्याच्या अनेक प्रती सहज मिळतात. पण त्यांतील पुष्कळशा कापलेल्या आणि अंधूक आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने सिद्ध केलेली सुमारे दोन तास पंचवीस मिनिटांची आवृत्ती शोधावी. हरवलेल्या जागा तिच्यात स्थिरचित्रांनी आणि पाट्यांनी भरल्या आहेत. पहिल्या अर्ध्या तासात मन रमले नाही तरी थांबावे. बाळाच्या खोलीपर्यंत पोहोचल्यावर चित्रपट स्वतःच पकड घेतो. साथीला पियानो किंवा वाद्यवृंद असलेली प्रत निवडावी, कारण मूकपट कधीच शांततेत पाहिले जात नव्हते.

न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना व्हाइट रिव्हर जंक्शन दूर नाही. डार्टमथ कॉलेजचे हॅनोव्हर गाव तेथून काही मैलांवर आहे. हिवाळ्याच्या शेवटी त्या संगमावर उभे राहून पात्रातील बर्फाचे तुकडे पाहिले, की एका सव्वीस वर्षांच्या अभिनेत्रीने आपला हात तेथे पाण्यात का सोडला असेल, याचा अंदाज येतो. पार्कर यांच्या नाटकातील अ‍ॅनाकडे शब्द होते. मूकपटाने ते काढून घेतले आणि त्या बदल्यात तिला चेहरा, बोट आणि हे गारठलेले पाणी दिले. शंभरहून अधिक वर्षांनंतर नाटकातील संवाद कोणाला आठवत नाहीत; तिचा हात मात्र आठवतो.